उजव्या हाताचा नारळ

परांचीवरून पाय घसरला तेव्हा बाळाजी राऊळ खाली पडला नाही. उजव्या हातानं त्यानं वरचा पाइप धरला आणि अख्खं अंग त्या एका हातावर लोंबकळलं. खांद्यात काहीतरी सुटलं. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला म्हणे, त्याचा त्यालाच ऐकू आला. बहरीनमधल्या मआमीरजवळच्या एका कारखान्यातली दुपार, १९८१चा ऑक्टोबर. खालून लोक ओरडत होते, कोण शिडी आणायला धावला होता, आणि ह्या बाबाच्या डोक्यात काय आलं, तर नारळ.

म्हणून आधी नारळाचं सांगतो.

आमचं गाव सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. शिमग्याच्या आधी तिथून देवाची पारध निघते. सरकारनं शिकारीवर बंदी घातली ती गावानं ऐकून घेतली, उलट बोललं नाही, आणि डुकरं भात खायची थांबली नाहीत म्हणून पारधही थांबली नाही. तर पारधीला निघण्याआधी देवळासमोरच्या सुरंगीच्या झाडाला काथ्यानं एक असोला, न सोललेला नारळ टांगतात. राऊळांच्या थोरल्या घरातला कर्ता पुरुष तीस पावलांवर उभा राहतो आणि त्याला बाण मारतो. एकच बाण. लागला की ढोल वाजतो आणि हाकारे रानात शिरतात. चुकला की गाव मुकाट घरी जातं, त्या वर्षी रानात पाऊल नाही. बंदुका आल्या, विजेऱ्या आल्या, पण पहिला बाण राऊळाचा आणि तोही उजव्या हातानं ओढलेला. डाव्या हातानं देवाला कोण फूल वाहत नाही, मग बाण कसा चालेल?

बाप वारल्यावर हा मान बाळाजीकडे आला. एक्याऐंशीच्या शिमग्याला तो बहरीनहून रजेवर आला, नारळाच्या सोडणात बाण रुतवला आणि परत गेला. रजा दोन वर्षांतून एकदा. तो नसेल त्या वर्षी पारध बंद. गाव कुरकुरे, पण थांबे. मात्र लागोपाठ दोन वर्षं पारध निघाली नाही, तर मान धाकट्या घरात जायचा, हेही ठरलेलं. धाकट्या घरात चुलतभाऊ विठ्ठल होता, आणि तो दोन वर्षं नव्हे, जन्मभर वाट बघत होता. ब्याऐंशी साल बंदच जाणार होतं. त्र्याऐंशीला नारळ लागलाच पाहिजे होता.

हे सगळं त्या पाइपाला लोंबकळताना बाळाजीला आठवलं. मग लोकांनी त्याला उतरवला.

मनामातल्या इस्पितळात खांदा उघडला, आत स्क्रू घातला, शिवला. महिनाभर हात गळ्यात. टाके काढताना डॉक्टर हिंदीत म्हणाला, "काम करोगे, खाना खाओगे, सबको सलाम करोगे. लेकिन ज़ोर से कुछ खींचना नहीं."

"साब, धनुष्य खींचने का है."

डॉक्टरनं कागदावरून मान वर केली. "रामलीला में काम करता है क्या?"

बाळाजी शर्टाची एकच बाही घालून बाहेर आला.

घरी त्यानं कळवलं नाही. तेव्हा आखातातली माणसं पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त पाठवायची. गेल्या खेपेला त्यानंच घरी टेपरेकॉर्डर नेऊन दिला होता. शिवलेला खांदा उशीवर टेकवून, डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबून तो बायकोशी बोलला, "मथुरा, मी बरो आसंय. काम बरा चल्लाहा. त्र्याऐंशीच्या शिमग्याक मी येतलंय म्हणान सगळ्यांका सांग. आनि विठ्ठलाक सांग, नारळ मोठो बघून टांग. गेल्या खेपेक बारको टांगल्यान, तरी गावलो." आणि हसलासुद्धा, कॅसेटीत ऐकू जाईल इतकं.

कंपनीनं त्याला परांचीवरून काढून टूल-रूममध्ये बसवला. तिथला मुख्य अहमद, जवळच्याच अस्कर गावचा. पोटानं मोठा, बोलण्यानं त्याहून मोठा. पान्हे-पक्कडी मोजून देणं-घेणं एवढंच काम, तेही बाळाजी डाव्या हातानं करायचा.

"बालाजी! हाथ खलास?" अहमद रोज सकाळी विचारायचा.

"नहीं, अहमद. थोडा-थोडा ठीक."

"थोडा-थोडा मफी, नहीं! या तो है, या खलास."

खोलीत भिंतीवर बोटं चढवायची, असा व्यायाम डॉक्टरनं दिला होता. खेकडा कातळावर चढतो तशी बोटं एकेक करून वर न्यायची आणि पोचतील तिथं थांबायची. बाळाजी दर शुक्रवारी तिथं पेन्सिलीची रेघ मारायचा. पहिली रेघ कमरेला. मग बरगडीला. उन्हाळा सरेपर्यंत रेघा काखेच्या वर आल्या, आणि कानाच्या पाळीच्या खाली चार बोटं येऊन थांबल्या त्या थांबल्याच. पुढच्या पाच शुक्रवारांच्या रेघा एकावर एक पडून तिथं नुसता काळा डाग झाला. धनुष्य ओढायचं तर मूठ कानाशी यायला हवी.

धनुष्य त्याच्याकडे होतं. चिवाऱ्याच्या बांबूचं, बापाच्या हातचं. आठ्याहत्तरला बोटीनं येताना चटईत गुंडाळून आणलेलं. कस्टमवाल्यानं विचारलं तेव्हा मच्छरदाणीची काठी म्हणून सांगितलं होतं. खाटेखाली ते पडलेलं असायचं, आणि खोलीत कोण झाडू मारायला वाकला की बाळाजी उठून बसायचा.

खोली आठ माणसांची. पण कारखान्यातलं ते काम आटोपत आलं होतं. दर महिन्याला एक-दोन खाटा रिकाम्या व्हायच्या. ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात बाळाजी आणि जमालुद्दीन असे दोघेच उरले. जमालुद्दीन दापोलीकडचा, कंपनीची पिकअप चालवायचा. त्याला 'ळ' म्हणता येत नसे, की म्हणायचा नसे, कोण जाणे.

थंडी पडल्यावर पहिल्या शुक्रवारी बाळाजी त्याला म्हणाला, "माका सखीरच्या बाजूक सोड. मोकळ्यावर."

"धनुष्य घेऊन? शेखाची मानसं शिकारी बाज घेऊन फिरतात तिकडं. तुला चोर म्हनतील."

"चोर धनुष्य घेऊन चोरी करता? चल मेल्या."

सखीरला तेव्हा नुसतं वाळवंट. खडी, वाळू, मध्येच एखादं काटेरी झाड. बाळाजीनं दूध पावडरीचा रिकामा डबा झाडाला टांगला, साधारण नारळाएवढाच होता. तीस पावलं मोजली. डाव्या मुठीत धनुष्य धरलं, बाण लावला आणि उजव्यानं दोरी ओढली. अर्ध्यावर हात थरथरायला लागला. खांद्यात कोणी खिळा ठोकल्यासारखं झालं, आणि दोरी आपणच सुटली. कोंबडी कुंपणाच्या वईवरून उडी मारते तसा बाण उडाला आणि वाळूत बसला.

जमालुद्दीन पिकअपला टेकून उभा होता. "बालाजी, ह्या बानाला नारल गावायचा तर नारलानंच पुढं यायला हवं."

"हस. तुझ्या खांद्यात स्क्रू घातल्यानी असते म्हणजे कळला असता."

"घरी सांगितलंस?"

"खुळो की काय तू?"

सहा वेळा ओढलं. सातव्यांदा हात वरच गेला नाही. तेव्हा चिडून त्यानं धनुष्य उजव्या हातात फेकल्यासारखं घेतलं, डाव्यानं दोरी ओढली आणि कुठंही, आभाळाकडे, सोडली. बाण गेला. लांब गेला. दोघंही बघत राहिले. उजवा हात ओढायला मेला होता, पण सरळ पुढं धरून कोपराला कुलूप लावलं तर धरायला जिवंत होता.

जमालुद्दीन म्हणाला, "झालं की मग!"

बाळाजी बाण आणायला निघाला तो वीस मिनिटं दिसेनासा झाला.

त्यानंतर शुक्रवारच्या शुक्रवार तो सखीरला जायला लागला, डाव्या हातानं मारायला. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. देवाच्या नारळाला तो हात चालणार नव्हता. पण हात शिकत होता. पिकअप त्याला सकाळी सोडायची आणि दुपारी न्यायला यायची. मधले चार-पाच तास तो, डबा आणि वारा. चार पिसांपैकी तीन झडलेले बाण, गावात कोणी हातात धरले नसते असे. टूल-रूमच्या सहाणेवर घासलेली सळयांची पाती. जानेवारीपर्यंत दहातले सात बाण डब्याला लागायला लागले. डब्याची चाळण झाली.

जानेवारीतल्याच एका शुक्रवारी ससा दिसला. बारीक, वाळूच्याच रंगाचा, कान तेवढे मोठे. झुडपाच्या सावलीत बसलेला. बाळाजी खाली बसला. गुडघ्यांवर पुढं सरकला, थांबला, सरकला. वारा तोंडावर. शरीराला सगळं आठवत होतं, फक्त हात उलटे होते. पंचवीस पावलांवरून त्यानं डाव्यानं ओढलं.

ससा जागच्या जागी पडला.

आमच्याकडे जनावर पडलं की मारणारा ओरडतो. ती रीत आहे. मग एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ओरडा जातो, ढोल येतात, पोरं-कुत्री धावत सुटतात. बाळाजी सवयीनं उभा राहिला आणि ओरडला, "गावलो रेऽऽऽ!"

आवाज गेला तो गेला. लांब रस्त्यावरून एक ट्रक चालला होता, तो चालत राहिला. बाळाजी थोडा वेळ कान देऊन उभा राहिला, मग आपलंच त्याला कसंतरी वाटलं. ससा उचलून पिकअपची वाट बघत बसला. त्याचे दोन तास होते.

कॅम्पवर जमालुद्दीननं मसाला वाटून दिला, कांदा भाजून दिला, पण ताट घेतलं नाही. "सुरी फिरवलेली नाय, मला चालनार नाय. तू खा, मी बसतो तुझ्यासमोर." अहमदचंही तेच. बाकीच्या सहा खाटांवर नुसत्या गाद्या गुंडाळलेल्या. बाळाजीनं दोन फोडी खाल्ल्या. शिकार ही काय एकट्यानं खायची वस्तू नव्हे. उरलेलं त्यानं कॅम्पच्या मांजरांना घातलं.

भांडी घासताना जमालुद्दीन म्हणाला, "ससा मारलास तर नारल काय मोठा? डाव्या हातानं मार आनि मोकला हो. देवाला नारल फुटल्याशी मतलब."

"देव सोडून दी. विठ्ठल थंय धा पावलांवर उभो असतलो. माझ्या हातांकडे बघूक."

"मग उजव्यानं मार."

"चुकतलो."

"मग जाऊ नको."

"मान गेलो."

"म्हनजे तू करनार काय?"

बाळाजी पातेलं घासत राहिला. ते कधीच स्वच्छ झालं होतं.

"ऐक," जमालुद्दीन म्हणाला, "तू तिथं जाऊन उभा राहनार, सगला गाव ढोल घेऊन तयार, आनि मग तू सांगनार का खांदा मोडलाय? दीड वरसानं? आधी सांग. जे काय व्हायचं ते तू नसताना होऊ दे."

हे बाळाजीला पटलं. पण सांगितलं त्यानं आपल्या पद्धतीनं. कॅसेट भरली ती मथुरेच्या नावानं नाही. 'समस्त गावकरी व मानकरी मंडळींस' अशी सुरुवात करून, पंचांसमोर उभं राहिल्यासारखं ताठ बसून त्यानं खांद्याचं सांगितलं, उजवा हात कानापर्यंत येत नाही ते सांगितलं, डाव्या हातानं दहात सात लागतात तेही. देवाला विचारा, म्हणाला. देव डाव्या हाताचा बाण घेणार असेल तर मी येतो आणि मारतो. नसेल तर तुम्ही ठरवाल ते. सावंतवाडीचा एक फिटर काम संपवून घरी चालला होता, त्याच्याकडे कॅसेट दिली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. शुक्रवार होता, जमालुद्दीन नमाजाला गेला होता. बाळाजीनं दार लावलं, एसी बंद केला आणि कॅसेट घातली.

त्याच्या मेव्हण्यानं टेपरेकॉर्डर देवळातच नेला होता. आधी खूप खडखड, चपलांचे आवाज, कोणीतरी "गप रवा रे!" म्हणून ओरडलं. मग गुरवाचा आवाज आला. गुरव गाऱ्हाणं घालत होता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझ्या पारधीचो मानकरी बाळाजी, पोटासाठी दर्यापलीकडे गेलो हा…"

"व्हय म्हाराजाऽऽ!" अख्खं गाव म्हणालं. टेपचा स्पीकर फाटल्यासारखा झाला.

"थंय तेचो उजवो खांदो मोडलो…"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

"तर आता तेच्या डाव्या हाताचो बाण तू मानून घेशीत तर उजवो कळो दी. नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजाऽऽ!"

कौल लावताना देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या, म्हणजे कळे, चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि ती पडेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. टेपमध्ये आता नुसती सरसर होती. कोणीतरी खोकलं. कावळा ओरडला. लांबून म्हशीच्या गळ्यातलं लोढणं लाकडावर आपटल्याचा आवाज आला. बाळाजी खाटेवर पुढं वाकून बसला होता, आणि देवळात पाकळीकडे बघावं तसा त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत होता. आवाजावरून त्याला एकेक माणूस कळत होता. खोकला तो भिकू. नाक ओढलं ती गंगूबाई.

"डावो!" कोणीतरी म्हणालं. "डावो दिल्यान!"

विठ्ठलाचा घसा खाकरल्याचा आवाज अगदी जवळून आला.

गुरवानं दुसरं गाऱ्हाणं घातलं. मग मान धाकट्या घराक देऊक होयो काय? व्हय म्हाराजा. पुन्हा सरसर. पुन्हा कावळा. सरसर चालूच राहिली, चालूच राहिली, आणि खट्ट करून टेप संपली.

बाळाजीनं कॅसेट उलटी घातली. दुसऱ्या बाजूला मथुरा होती. एकटी, घरात.

"आयकतास मा? दुसरो कळो पन डावोच पडलो. दिवो लावूची येळ झाली तवसर बसलेलो गाव. विठ्ठल भावजींचा तोंड बघण्यासारख्या झाला. मगे गुरवान इचारल्यान, बाण नकोच काय म्हणान. तेवा देवान उजवो दिल्यान, आनि इचारता इचारताच दिल्यान. आता हेच्यापुढे बाण नाय. गुरव नारळ हातान फोडतलो आनि पारध जातली. मान तुमच्याकडे नाय, तेंच्याकडे नाय. झाला."

 मग तिचा आवाज चढला.

"आता माझा आयका. दीड वर्स तुमी 'मी बरो आसंय, मी बरो आसंय' म्हणतास. मी वाडीभर सांगत फिरलंय, घोव माझो बरो आसा. तुमची ती कॅसेट मानकऱ्यांच्या वसरेर लागली, आनि मी थंय बायकांत बसान आयकलंय. खांदो तुमचो उघडल्यानी, स्क्रू घातल्यानी, ता माका भिकूच्या बायलेबरोबर कळला! बायलेक सांगूचा सोडून गावाक सांगतास? शिरा पडो त्या बाणार आनि त्या नारळार! जेवतास कसल्या हातान? पाठ कोण चोळता? ता कोण सांगतलो माका, गुरव?"

कॅसेट अर्धी रिकामीच होती. बाळाजीनं ती सरसर शेवटपर्यंत ऐकली, मागून तिचा काही शब्द येईल म्हणून. आला नाही.

जमालुद्दीन नमाजाहून परत आला तेव्हा दार आतून लावलेलं आणि आत बोलण्याचा आवाज. त्याला वाटलं, कोण पाहुणा आला. पायरीवर बसून राहिला. बाळाजी नवी कॅसेट भरत होता. परांची, पाइप, टाके, शर्टाची एक बाही, भिंतीवरचा काळा डाग, रिकाम्या खाटा. कपडे डाव्या हातानं धुताना पिळता येत नाहीत, म्हणून एक टोक नळाला बांधून पिळतो, तेही. पहिली बाजू संपली तेव्हा उलटून दुसरी भरली. जेवण निवलं.

दार उघडल्यावर जमालुद्दीननं एवढंच विचारलं, "काय झालं?"

"डावो पडलो."

"म्हनजे विठ्ठल?"

"तोय नाय. कोणच नाय."

"मग रजा?"

"रजा आसा मा. तिकीट काढला हा." बाळाजीनं भाताचं पातेलं पुढं ओढलं. "घराकडे जातलंय."

रजेच्या आधीच्या शुक्रवारी त्यानं पुन्हा सखीरला सोडायला सांगितलं. जमालुद्दीन म्हणाला, आता कशाला? तरी सोडला. डबा झाडावर तसाच होता, वाऱ्यानं एका बाजूनं गंजायला लागलेला. बाळाजीनं तीस पावलं मोजली. आज मागं कोण नव्हतं, आणि आता असणारही नव्हतं. त्यानं धनुष्य डाव्या मुठीत घेतलं आणि उजव्या हातानं दोरी ओढायला सुरुवात केली. मूठ हनुवटीपर्यंत आली. तिथं खांद्यानं ओळखीची कळ दिली. तो थांबला, दम घेतला, तिथूनच सोडलं.

बाण पंधरा पावलांवर पडला. आणायला फार चालावं लागलं नाही.